किनारा कोणत्या प्रकारचा हे ठरवायचं कसं : वाळू, लाटा आणि भरती-ओहोटी मोजण्याचा क्रम

किनाऱ्यावर पोचायचं, दहा मिनिटं समुद्राकडे बघायचं आणि लाटा लहान दिसल्या की ‘शांत किनारा’ अशी नोंद करून परत यायचं. ही चूक मी भूगोलाच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत पाहिली आहे, हौशी निरीक्षकांच्या नोंदींत पाहिली आहे आणि पोहायला निघालेल्या लोकांच्या बोलण्यात तर नेहमीच ऐकतो. आज दिसणारी लाट आजची असते. पायाखालची पुळण मात्र गेल्या आठ-पंधरा दिवसांच्या, कधी गेल्या मोठ्या वादळाच्या लाटांनी घडवलेली असते. म्हणून निव्वळ नजरेने प्रकार ठरवू नका, ठरलेल्या क्रमाने मोजा.

क्रम असा : आधी वाळू, मग लाटा, मग भरतीची तफावत. त्यानंतर गणित आणि सगळ्यात शेवटी किनाऱ्याचा आकार. बहुतेक जण आकारापासून सुरुवात करतात आणि नंतरचे आकडे त्या पहिल्या मताला जुळवून घेतात. आकार शेवटी ठेवला, तर आकडे आणि डोळे एकमेकांना तपासतात.

मोजून काय ठरवायचं आहे तेही सांगून ठेवतो. वाळूच्या किनाऱ्यांचे ढोबळ तीन गट पडतात. उभ्या उताराचा किनारा लाटेची ताकद समुद्राकडे परत लावतो, त्याला मी इथे ‘परतवणारा’ म्हणेन. सपाट, रुंद किनाऱ्यावर लाट लांबूनच फुटत फुटत येते आणि तिची ताकद वाटेतच जिरते, तो ‘जिरवणारा’. या दोन टोकांच्या मधे वाळूचे दांडे (पाण्याखालचे लांबट उंचवटे), त्यांच्यामधल्या खोलगट खाचा आणि ओढीचे प्रवाह असलेला ‘मधला’ गट येतो. सगळ्यात जास्त बदल होतात ते याच गटात आणि सगळ्यात जास्त फसवतोही हाच.

तयारी : निघण्याआधी

बरोबर घ्यायच्या वस्तू साध्या आहेत. नेमक्या सारख्या उंचीच्या दीड मीटरच्या दोन काठ्या, वरच्या टोकापासून खाली दर सेंटिमीटरला खूण केलेल्या. तीस मीटरची टेप. दहापट मोठं दाखवणारं भिंग. मिलिमीटरच्या चौकटींचा आलेखाचा कागद. एका टोकाला बूच मारलेली, किमान ६० सेंटिमीटर लांबीची पारदर्शक नळी. स्टॉपवॉच, वही, पेन्सिल. शाईचं पेन नको, खाऱ्या ओलाव्यात पान धुऊन निघतं. आणि सोबत दुसरा माणूस हवाच, कारण काठ्यांचं काम एकट्याने होत नाही आणि समुद्राकडे पाठ करून एकट्याने काम करणं धोक्याचंही आहे.

दिवस निवडताना भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी पाहा. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाणाची भरती असते, तेव्हा ओहोटीही सगळ्यात खोल जाते आणि एरवी पाण्याखाली राहणारे दांडे उघडे पडतात. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या भरतीला गेलात तर किनाऱ्याचा खालचा भाग दिसणारच नाही, आणि आहे तेवढाच किनारा असं वाटेल. ओहोटीच्या नीचांकाच्या दोन तास आधी पोचा, म्हणजे उतरत्या पाण्यामागून काम करता येतं.

*सावधान :* जिथे दिवसातून दोन भरत्या येतात तिथे पाणी नीचांकापासून उच्चांकापर्यंत सुमारे सहा तासांत चढतं, पण एकाच वेगाने नाही. एकूण तफावतीचे बारा भाग केले तर पहिल्या तासात साधारण एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी चढतं. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मी भरती येते. सपाट किनाऱ्यावर पाणी समोरून येतंय असं वाटत असताना मागच्या खाचेतून ते आधीच भरलेलं असतं. नीचांकानंतर एका तासात खालच्या भागातलं काम आवरून वर या.

१. वाळू : नमुना कुठला घ्यायचा

इथे पहिली मोठी चूक होते. लोक कोरड्या, मऊ वाळूची मूठ उचलतात. ती वाऱ्याने चाळलेली वाळू असते. लाटेशी तिचा रोजचा संबंध नाही. नमुना घ्यायचा तो अर्ध्या ओहोटीच्या वेळी लाटेचं पाणी जिथे चढतं आणि उतरतं त्या पट्ट्याच्या मध्यावर, वरच्या दोन सेंटिमीटर थरातून. किनाऱ्यावर शंभरेक पावलांच्या अंतराने तीन नमुने घ्या आणि वेगवेगळे ठेवा, एकत्र कालवू नका.

आलेखाच्या कागदावर कोरडे कण एका रेषेत एकाला एक लावून ठेवा आणि एका सेंटिमीटरमध्ये किती बसतात ते भिंगातून मोजा. पन्नास बसले तर कण ०.२ मिलिमीटरचा, वीस बसले तर अर्ध्या मिलिमीटरचा.

पण कणाच्या आकारापेक्षा उपयोगाचा आकडा दुसराच आहे : तो कण पाण्यात किती वेगाने बुडतो. लाटेने उसळलेला कण दुसरी लाट येण्याआधी खाली बसला की तिथेच राहतो, तरंगत राहिला की प्रवाहाबरोबर जातो. किनाऱ्याचा उतार घडतो तो याच शर्यतीतून. नळीत समुद्राचं पाणी भरा, पृष्ठभागाखाली दहा सेंटिमीटरवर एक खूण आणि तिच्याखाली अर्ध्या मीटरवर दुसरी खूण करा. आधी भिजवलेले मोजके कण सोडा आणि दोन खुणांमधला वेळ मोजा. ०.२ मिलिमीटरच्या गोलसर वाळूला सुमारे २२ सेकंद लागतील, ०.६ मिलिमीटरच्या वाळूला सहा.

*तपासा :* चिमूटभर वाळू एकदम सोडलीत तर ढगासारखी घोळक्याने खाली जाते आणि वेग खोटा वाढतो. कोरडे कण पाण्याच्या पृष्ठभागावरच अडकतात. शिंपल्यांचे चपटे तुकडे पानासारखे डोलत उशिरा पोचतात. त्यांचं प्रमाण जास्त असेल तर आकारावरून काढलेला वेग वापरू नका, नळीत मोजलेलाच वापरा.

वाळूचं आणखी एक लक्षण पायांनी कळतं. भरड वाळूत वर चढलेलं पाणी जमिनीत मुरतं, परत जाणारं पाणी कमी पडतं आणि वर आणलेली वाळू तिथेच राहते. म्हणून भरड वाळूचे किनारे उभे असतात. बारीक वाळू पाणी पटकन मुरू देत नाही, ते जवळजवळ सगळं परत जातं आणि जाताना वाळूही घेऊन जातं.

२. लाटा : उंची आणि आवर्तनकाळ

आवर्तनकाळ म्हणजे एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंतचा वेळ. फुटण्याच्या जागेबाहेरचा एक स्थिर बिंदू धरा. पहिला माथा तिथे आला की घड्याळ सुरू करा, अकरावा आला की थांबवा आणि वेळेला दहाने भागा. अकरा माथ्यांमध्ये अंतरं दहा असतात. अकराने भागणारे बरेच असतात. हे तीनदा करा. वाऱ्याने उठलेल्या आखूड लहरी मोजू नका. दुरून आलेल्या, लांब ओळीत चालणाऱ्या लाटा मोजा.

उंचीसाठी नजरेचा अंदाज घेऊ नका, तो हमखास चुकतो. उतारावर वर-खाली सरकत अशी जागा शोधा, जिथून फुटणाऱ्या लाटेचा माथा आणि क्षितिज एकाच रेषेत दिसतील. म्हणजे तुमचे डोळे आणि तो माथा एकाच पातळीवर आहेत. आता परतणारं पाणी जिथपर्यंत उतरतं त्या पातळीपासून तुमच्या डोळ्यांपर्यंतची उंची काठ्यांनी मोजा. हीच फुटत्या लाटेची साधारण उंची. अशा तीस लाटांची नोंद करा आणि त्यातल्या सर्वांत उंच दहांची सरासरी काढा. लाटांचे अंदाज आणि समुद्रात तरंगणाऱ्या मापक बोयांच्या नोंदी याच ‘वरच्या एक-तृतीयांश’ सरासरीत दिलेल्या असतात, त्यामुळे तुलना सोपी जाते.

*सावधान :* संकेतस्थळांवर मिळणारी उंची बहुधा खोल समुद्रातली असते. किनाऱ्यापर्यंत येताना भूशिरामागे वळून लाट खूप लहान होऊ शकते, किंवा उथळ पाण्यात चढून उंच होऊ शकते. गणितात फुटतानाचीच उंची धरायची.

लाट फुटते कशी, हेही इथेच लिहून ठेवा. माथ्यावरून फेस हळूहळू घरंगळत येतो, की लाट कमानीसारखी वळून धाडकन कोसळते, की न फुटताच उसळून उतारावर चढते? पहिली तऱ्हा सपाट तळावर, दुसरी जरा उभ्या तळावर आणि तिसरी फार उभ्या उतारावर दिसते. पाण्याखालचा उतार न उतरता वाचण्याचा याहून सुरक्षित मार्ग मला माहीत नाही.

३. भरतीची तफावत

वेळापत्रकात ‘भरती ४.६ मीटर’ लिहिलेलं असलं म्हणजे तफावत ४.६ मीटर नव्हे. तो आकडा त्या बंदराच्या आधारपातळीपासून मोजलेला असतो. त्याच दिवसाची ओहोटी ०.७ असेल, तर तफावत ३.९ मीटर. उधाणाच्या दिवसांच्या अशा काही तफावती काढा आणि त्यांची सरासरी वापरा. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात ही तफावत १६ मीटरच्या आसपास जाते, तर भूमध्य समुद्राच्या बऱ्याच किनाऱ्यांवर अर्धा मीटरही नसते. त्यामुळे एका ठिकाणचा अनुभव दुसरीकडे नेऊ नका.

४. दोन भागाकार

पहिला भागाकार : फुटत्या लाटेची उंची मीटरमध्ये घ्या, तिला बुडण्याचा वेग गुणिले आवर्तनकाळ या गुणाकाराने भागा. वेग मीटर प्रतिसेकंदात हवा. सेंटिमीटरमध्ये ठेवलात तर उत्तर शंभरपटीने चुकेल, आणि ही चूक फार होते.

उदाहरण घेऊ. लाट दीड मीटर, आवर्तनकाळ ८ सेकंद. बारीक वाळू, वेग ०.०२३. उत्तर ८ च्या जरा वर. तीच लाट, पण ०.६ मिलिमीटरची वाळू, वेग ०.०८४, तर उत्तर सुमारे २.२. आता लाट अर्ध्या मीटरवर आणा : भरड वाळूला उत्तर ०.७ येतं, बारीक वाळूला २.७. एकच समुद्र, दोन वाळू, आणि किनारे वेगळ्या जातीचे.

उत्तर १ पेक्षा कमी असेल तर किनारा परतवणाऱ्या गटाकडे झुकतो, ६ पेक्षा जास्त असेल तर जिरवणाऱ्या गटाकडे, आणि अधलं काही असेल तर मधल्या गटाकडे. ही विभागणी राइट आणि शॉर्ट यांनी १९८४ साली ऑस्ट्रेलियातल्या किनाऱ्यांवरच्या कामातून मांडली. सीमारेषा काटेकोर मानू नका. उत्तर ५.८ आलं म्हणून हट्ट धरण्यात अर्थ नाही.

दुसरा भागाकार : उधाणाची तफावत भागिले फुटत्या लाटेची उंची. उत्तर ३ च्या आत असेल तर किनारा लाटाच घडवतात आणि पहिल्या भागाकारावर भरवसा ठेवता येतो. ३ च्या पुढे भरतीचा हात वाढत जातो, कारण लाट कुठल्याच पातळीवर पुरेसा वेळ थांबून काम करू शकत नाही. पाणी सतत सरकत असतं आणि वाळूचे दांडे पुसले जातात. १५ च्या पुढे किनारा चिखल-वाळूच्या सपाट पाणथळीकडे जाऊ लागतो.

*तपासा :* चार मीटरची तफावत ‘मोठी’ म्हणून भरतीचा किनारा असं ठरवू नका. दीड मीटरच्या लाटांसमोर तिचं उत्तर २.७ येतं, अर्ध्या मीटरच्या लाटांसमोर ८. तफावत मोठी की लहान, हे लाटांच्या तुलनेतच ठरतं.

५. उताराची रेघ

दोन काठ्यांची ही रीत के. ओ. एमरी यांनी १९६१ साली सांगितली आणि आजही तिच्याइतकं स्वस्त साधन नाही. एक काठी जमिनीच्या बाजूला, दुसरी समुद्राच्या बाजूला, मधे ठरावीक अंतर, समजा दोन मीटर. जमिनीकडच्या काठीमागे उभं राहून समुद्राकडच्या काठीचं टोक क्षितिजाशी जुळवा. ही नजरेची रेषा जवळच्या काठीला टोकापासून जितकी खाली छेदते, तितका उतार त्या दोन मीटरांत आहे. पुढे चढ असेल तर उलट करा : जवळच्या काठीचं टोक क्षितिजाशी जुळवा आणि पुढच्या काठीचं टोक रेषेच्या किती वर आहे ते वाचा. मग मागची काठी पुढच्या काठीच्या जागी, आणि असं पाण्यापर्यंत.

सुरुवात नेहमी न हलणाऱ्या खुणेपासून करा : खडक, भिंतीचा कोपरा, खांब. वाळूत रोवलेली खुंटी पुढच्या खेपेला सापडत नाही. काठी मऊ वाळूत रुतते, खाली सपाट चकती लावा. धुक्यात क्षितिज दिसत नसेल तर त्या दिवशी ही मोजणी सोडून द्या.

पन्नास मीटरांत एक मीटर किंवा त्याहून मंद उतार हे जिरवणाऱ्या किनाऱ्याचं लक्षण, दहात एक किंवा त्याहून उभा हे परतवणाऱ्याचं.

६. आता आकार वाचा

*परतवणारा किनारा.* पाणी किनाऱ्याशी लागूनच खोल. उताराच्या तळाशी भरड वाळू-गोट्यांची पायरी. वरच्या बाजूला एकसारख्या अंतरावर चंद्रकोरीसारख्या खळग्यांची ओळ. लाट अगदी काठावर येऊन आदळते. समोरचं पाणी निवांत दिसतं म्हणून लोक याला सुरक्षित समजतात. पण पायरीवरून एका पावलात कमरेएवढं पाणी गळ्यापर्यंत जातं, आणि काठावर कोसळणाऱ्या लाटेत डोकं आपटून मानेला इजा होते.

*जिरवणारा किनारा.* फेसाच्या तीन-चार, कधी जास्त समांतर ओळी, रुंद सपाट ओली पुळण. वारंवार फिरून आलात तरी याचा चेहरा फारसा बदलत नाही.

*मधला किनारा.* इथे वेळ द्या. लाट तिच्या उंचीच्या सुमारे सव्वापट खोलीवर फुटते, म्हणून पांढऱ्या फेसाचा नकाशा हा खरा तर खोलीचा नकाशा असतो. पांढरं तिथे दांडा, गडद तिथे खाच. शक्य असेल तर उंचावरून दहा मिनिटं पाहा. एका लाटेवर विसंबू नका. मोठ्या लाटांनंतर दांडा किनाऱ्याला समांतर आणि सरळ असतो, मागे खोल पाट. लाटा उतरल्या की दांडा नागमोडी होतो, मग त्याची टोकं किनाऱ्याला येऊन चिकटतात आणि मधल्या खाचांतून पाणी समुद्राकडे धावतं. आणखी शांत दिवस गेले की सगळं भरून ओहोटीला एक सपाट ओटा उरतो. म्हणजे एकाच किनाऱ्याची ही चार रूपं झाली. नोंदीत ‘मधला’ एवढंच न लिहिता त्यातलं कोणतं रूप ते लिहा.

*सावधान :* खाचेतून समुद्राकडे जाणारा प्रवाह, म्हणजे रिप करंट, दिसायला सगळ्यात शांत असतो. दोन्हीकडे लाटा फुटत असतात आणि मधे गडद, गुळगुळीत पट्टा. अनेक माणसं नेमकी तिथेच पाण्यात उतरतात. तिथला वेग सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाऊ शकतो, त्याच्याविरुद्ध पोहून कोणी जिंकत नाही. ओहोटीला पाणी खाचांतच कोंडलं जातं, तेव्हा ओढ बहुधा वाढते. अडकलात तर तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर, फेसाच्या दिशेने सरका. तपासणीसाठी कोणी खाचेत उतरायचं नाही. एक तरंगणारं फळ टाका आणि ते कुठे जातं ते वरून बघा.

*भरतीने बदललेला किनारा.* वरचा भाग उभा, खालचा सपाट, मधे ठळक मोड. मोडापाशी ओहोटीला जमिनीतलं पाणी झिरपून वाळू चकाकते. भरतीला हा परतवणाऱ्यासारखा वागतो आणि ओहोटीला जिरवणाऱ्यासारखा. याची नोंद फक्त भरतीला किंवा फक्त ओहोटीला करणाऱ्या दोघांचं एकमेकांशी कधीच पटणार नाही. नोंद दोन्ही वेळांची हवी.

वरच्या पुळणीवर काळ्या वाळूचे पट्टे दिसले तर तेल किंवा घाण समजू नका. चुंबक फिरवून बघा. लाटांनी हलके कण धुऊन नेले की जड खनिजं मागे राहतात, त्यात चुंबकाला चिकटणारं मॅग्नेटाइट असू शकतं. असा ताजा पट्टा म्हणजे नुकतीच झीज झाल्याची खूण.

७. आकडे आणि आकार जुळले नाहीत तर

हे वारंवार होईल, आणि तुमचं मोजमाप लगेच चुकीचं ठरवू नका. भागाकार ०.९ आला आणि समोर दांडे-खाचा दिसतात, याचा बहुधा अर्थ असा की काही दिवसांपूर्वी मोठ्या लाटा येऊन गेल्या आणि किनारा अजून सावरतोय. वादळ वरची वाळू काही तासांत ओढून दांड्यावर नेऊन टाकतं. तीच वाळू परत चढायला आठवडे, कधी महिने लागतात. आजच्या लाटेऐवजी गेल्या पंधरा दिवसांच्या लाटांची सरासरी घेऊन भागाकार पुन्हा करा. तरीही जुळत नसेल तर वाळूचा नमुना तपासा : उतारावरची वाळू भरड आणि खालची बारीक असेल, तर दोन्ही वेगाने दोन उत्तरं काढा. त्यानंतर भूशिर, खडक किंवा बांध लाटांना अडवतोय का ते पाहा.

पहिल्या खेपेच्या नोंदीला मी प्रकाराचं नाव पेन्सिलीने, प्रश्नचिन्हासह लिहितो. सिडनीजवळच्या नॅराबीन किनाऱ्याची रेघ १९७६ पासून नियमित मोजली जात आहे, कारण एका मोजणीतून बदल दिसत नाही. तुम्हाला दशकं द्यायची नाहीत. त्याच खुणेपासून, त्याच ओळीत, वर्षभर दर उधाणाला उतार मोजा. सगळं शक्य नसेल तर निदान मोठ्या लाटांच्या हंगामाआधी एकदा, लगेच नंतर एकदा आणि दोन महिन्यांनी एकदा. प्रत्येक पानावर तारीख, ओहोटीची वेळ आणि मागच्या पंधरवड्यातल्या लाटांची नोंद हवी. तिन्ही रेघा एकाच आलेखावर काढा. वरच्या भागात जितकी वाळू घटली तितकी खाली वाढलेली दिसली तर ती समुद्रात जवळच साठली आहे. खाली वाढच नसेल तर ती किनाऱ्याला समांतर वाहून गेली असावी. मग पुढच्या खेपेला दोन्ही टोकांना एकेक रेघ वाढवा.